सुईतली पेशी, ताटलीतली पेशी

माझ्या धाकट्या जावेचा नातू आठ वर्षांचा असताना त्याने मला एक प्रश्न विचारला. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. दुसऱ्या शहरातल्या एका उपचार केंद्रातून तो दोनच दिवसांपूर्वी परतला होता. कमरेच्या हाडातून मज्जा काढलेल्या जागी अजून पट्टी होती. तो म्हणाला, "आजी, त्यांनी माझ्याच पेशी काढल्या आणि मलाच परत टोचल्या ना? मग माझ्या अंगात नवीन काय आलं?"

मी तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात फार थोड्या वेळा ऐकला. त्याचं खरं उत्तर 'काहीच नाही' असं होतं. ते मी त्या दिवशी दिलं नाही, कारण आत त्याची आई कुकर लावत होती आणि दार उघडं होतं.

त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायूच्या पेशीला आकुंचनाचा ताण सोसायला डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन लागतं. ते बनवणारं जनुक माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, सुमारे २२ लाख अक्षरांचं. एवढ्या लांब मजकुरात कुठेतरी तुकडा गळण्याचा संभवही मोठा. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार होतो तो जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच. तीन-चार वर्षांचं पोर जिना चढताना मागे राहतं, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत उठतं. दहा-बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची येते. पुढे हृदय, श्वास. आणि हे जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत तसंच तुटलेलं असतं, कमरेच्या मज्जेतही. ती मज्जा काढून त्याच मुलाच्या शिरेत परत सोडली तर तुटलेलं जनुक सांधलं कसं जाणार? आठ वर्षांच्या मुलाला हे उमगलं. तिथल्या पदवीधरांना उमगत नव्हतं, असं मी मानत नाही.

वाघोडिया रोडवरचा प्लॉट विकून अशा तीन फेऱ्या झाल्या. पावतीवर 'स्टेम सेल थेरपी पॅकेज' असं छापलेलं होतं. त्या काळात त्याचं स्टिरॉइड बंद करायला लावलं, आणि या आजारात मुलं काही काळ जास्त चालू शकतात ती ज्या थोड्या गोष्टींमुळे, त्यांतलं एक स्टिरॉइड आहे. पैसे गेले त्याचं दुःख घरातल्या मोठ्यांना. गेलेले महिने मात्र त्याच्या पायांतून गेले.

एवढं होऊनही मी मूलपेशींच्या (स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून इतर जातींच्या पेशी तयार होऊ शकतात ती पेशी) विरोधात लिहायला बसलेली नाही. साध्या पेशीची मूलपेशी करता येणं ही माझ्या आयुष्यात घडलेली जीवशास्त्रातली सर्वांत मोठी गोष्ट आहे, असं माझं मत आहे. पण आपण ती चुकीच्या टोकाने धरली आहे. सगळ्यांचे डोळे सुईकडे लागलेले आहेत. अजून बरीच वर्षं या विद्येचं मुख्य काम ताटलीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पेट्री डिशमध्ये चालणार आहे. त्या ताटल्यांत कुणाच्या पेशी असतील, त्या कुणाच्या ताब्यात असतील आणि ज्याच्या त्या आहेत त्याला काय विचारलं जाईल, हे सार्वजनिक प्रश्न आहेत. ते बडोद्यासारख्या गावाने विचारायला हवेत.

ही विद्या समजून घ्यायला बडोदेकराला फार लांब जावं लागत नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन यावं. लोखंडी कपाटांचे मजल्यावर मजले, आणि खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून काचेची जमीन. शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असं अख्खं ग्रंथालय असतं. कातडीची पेशी कातडीच्या कामाची कपाटं उघडी ठेवते, मेंदूची पेशी मेंदूच्या कामाची, बाकीच्यांना कुलूप. गर्भ वाढत जातो तशी ही कुलपं लागत जातात. एकदा लागलं की ते कायमचं, बहुधा आतली पुस्तकंही कामातून जात असतील, असं पुष्कळ काळ धरून चाललेलं होतं.

१९६२ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन गर्डन यांनी ते खोटं ठरवलं. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेऊन त्यांनी ते, स्वतःचं केंद्रक नष्ट केलेल्या बेडकाच्या अंड्यात ठेवलं. त्यातून बेडकाची पिल्लं वाढली, पुढे बेडूकही. आतड्याच्या पेशीत अख्खा बेडूक घडवण्याचा मजकूर शाबूत होता. कपाटं बंद होती, एवढंच. पण कुलूप उघडणारं अंड्यात नेमकं काय असतं? त्या उत्तराला आणखी ४४ वर्षं लागली आणि ते ज्याने शोधलं तो माणूस त्याच १९६२ साली जन्मला होता.

शिन्या यामानाका. हाडांचे सर्जन व्हायला निघाले होते, शस्त्रक्रियेत हात बसेना म्हणून संशोधनाकडे वळले. क्योटो विद्यापीठात त्यांनी आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी भ्रूणातल्या मूलपेशींमध्ये जागी असणारी २४ जनुकं निवडली. एकेक करून घातली, काही होईना. मग चोवीसच्या चोवीस एकदम उंदराच्या कातडीच्या पेशींत सोडली आणि काही पेशी खरोखर मूलपेशींसारख्या वागू लागल्या. आता चोवीसांतली कामाची कोणती? प्रत्येक वेळी एक वगळायचं आणि बघायचं, कुणावाचून अडतं. आमटीत नक्की काय कमी आहे हे शोधणारी बाई असंच करते. शेवटी चार उरली. २००६ मध्ये हे उंदरांत सिद्ध झालं, २००७ मध्ये माणसाच्या पेशींत. त्याच सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटानेही थोड्या वेगळ्या चार जनुकांनी तेच साधलं. २०१२ चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळून मिळालं. अशा पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. त्यांच्यापासून हृदयाचे, मेंदूचे, यकृताचे, डोळ्याच्या पडद्याचे असे जवळपास कुठलेही नमुने वाढवता येतात. मूळ सामान काय, तर कातडीचा कण किंवा थोडं रक्त. भ्रूण मोडावा लागत नाही. पाश्चात्त्य देशांत याच भ्रूणावरून केवढं वादळ उठलं होतं. आपल्याकडे ते कधी उठलंच नाही, म्हणून मी त्यात शिरत नाही. आपला पेच निराळा आहे.

सगळी कपाटं उघडी असलेली पेशी ही धोक्याची पेशी आहे. ती तशीच अंगात सोडली तर तिची गाठ होते, आणि त्या गाठीत केस, दात, कूर्चा अशा कशाचेही तुकडे असू शकतात. यामानाकांच्या चार जनुकांतलं एक तर कर्करोगाशी नातं असलेलंच होतं. म्हणून आधी हव्या त्या जातीची पेशी करून घ्यायची, न बदललेली एकही मागे राहू द्यायची नाही, मग जनुकं तपासायची. याला कित्येक महिने लागतात. २०१४ मध्ये जपानमध्ये कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात, त्यांच्याच कातडीपासून बनवलेला पडद्याच्या पेशींचा थर बसवला. माणसावरचा तो पहिला प्रयोग. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार झाल्या होत्या. पण त्यांच्या जनुकांत काही बदल आढळले, आणि २०१५ मध्ये त्यांनी काम थांबवलं. जगाचे कॅमेरे रोखलेले असताना थांबवलं. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, दात्याच्या तपासलेल्या पेशी घेऊन पुन्हा सुरू केलं. या क्षेत्रात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या थांबण्याबद्दल.

त्यानंतर चांगल्या बातम्याही आल्या. चीनमध्ये टाइप वन मधुमेह असलेल्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून बनवलेली इन्सुलिन तयार करणारी पेशींची बेटं पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली टोचली. अडीच महिन्यांत तिचं इन्सुलिन सुटलं आणि वर्षभरानंतरही ते लागत नव्हतं. हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. तिचं यकृत आधी बदललेलं असल्यामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती, हे मात्र बातमीत खाली दडलं. २०२५ मध्ये क्योटोहून पार्किन्सनच्या सात रुग्णांचा अहवाल आला. घातलेल्या पेशी टिकल्या, या आजारात कमी पडणारं डोपामिन बनवत होत्या, गाठी झाल्या नाहीत. एक बाई, सात रुग्ण. शास्त्र असंच चालतं, आणि मला त्याचा आनंद आहे.

पण आपल्या गल्लीत या बातमीचं काय होतं, तेही मी पाहिलं आहे. कात्रण लॅमिनेट होऊन भिंतीवर लागतं. त्याखाली बसलेला माणूस टोचतो ती मात्र मज्जेतून काढलेली जशीच्या तशी पेशी. थॅलेसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगात दात्याची मज्जा देतात, तो अनेक वर्षं सिद्ध झालेला उपचार आहे. क्योटोतली पेशी ही दुसरी गोष्ट. मज्जा काढून त्याच माणसाला टोचणं ही तिसरी, आणि बाळाच्या नाळेचं रक्त खाजगी बँकेत वर्षानुवर्षं हप्ते भरून ठेवणं ही चौथी. चौघींनाही आपण 'स्टेम सेल' म्हणतो. विकणारा त्या एका शब्दाच्या आडोशाला उभा असतो.

नियम नाहीत असंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर मूलपेशींचा रुग्णावरचा कुठलाही वापर हा प्रयोग आहे. तो मंजूर चाचणीतच झाला पाहिजे, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. हे एक वाक्य जरी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर मराठी-गुजरातीत लावलेलं असतं, तरी आमचा प्लॉट वाचला असता. रक्ताच्या त्या आजारांबाहेर मूलपेशींसाठी पैसे मागितले की समजावं, हा प्रयोग नव्हे आणि सिद्ध झालेला उपचारही नव्हे.

'पण आईबापांनी करायचं तरी काय? हातावर हात धरून बसायचं?' हा प्रश्न मला त्याच्या आईनेच विचारला आहे, आणि तिला मी शास्त्र सांगून गप्प करू शकत नाही. तिच्या जागी मी असते तर कदाचित मीही प्लॉट विकला असता. आशेला धरून चालणाऱ्याचा तो हक्क आहे. मग त्या हक्काचा मानही ठेवा. प्रयोगच करायचा तर रीतसर नोंद करा, फुकट करा, आणि काहीच फरक पडला नाही तर तेही छापा, म्हणजे पुढच्या आईला ते वाचता येईल. आमच्या मुलाच्या तीन फेऱ्यांतून जगाला एक ओळीचं ज्ञान मिळालेलं नाही. मला सर्वांत जास्त लागतं ते हेच. त्याने अंग दिलं आणि त्याची कुठे नोंदही नाही.

आता ताटलीकडे येते. जी पेशी सुईतून काही देऊ शकली नाही, तीच ताटलीत अनमोल ठरते, आणि कारण एकच: तिच्यात तो दोष आहे. ड्युशेनच्या मुलाचं हृदय कसं थकत जातं हे बघायला जिवंत मुलाच्या हृदयाचा तुकडा कुणी काढत नाही. पण त्याच्या थोड्याशा रक्तातून आयपीएस पेशी, आणि त्यांच्यातून हृदयाच्या स्नायूपेशी वाढवता येतात. त्या ताटलीत खरोखर धडधडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलेला माणूस काही वेळ बोलत नाही. त्या पेशींवर एक औषध घाला, दुसरं घाला, जनुकाचा गळलेला तुकडा सांधून बघा. मुलाला एक सुईही जास्त टोचली जात नाही.

हे आता स्वप्न राहिलेलं नाही. २००८ मध्येच अमेरिकेत एएलएस (चेतापेशी मरत जाऊन स्नायू निकामी होण्याचा आजार) झालेल्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या कातडीपासून, त्या आजारात मरतात त्याच चेतापेशी बनवल्या गेल्या. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली, त्यानंतर झिकाचा विषाणू गर्भाच्या मेंदूतल्या नेमक्या कुठल्या पेशींवर धरतो हे आयपीएसपासून बनवलेल्या पेशींवर लगोलग दिसलं. बंगळूरमध्ये निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि तिथल्या संशोधन संस्था मिळून, ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या गंभीर मानसिक आजार आहे त्या घरांतल्या माणसांच्या पेशींपासून मेंदूच्या पेशी वाढवून अभ्यास करत आहेत. घरातल्या वेडाला अजूनही बाहेरचं, करणीचं म्हणणाऱ्या समाजात हे काम किती मोलाचं आहे, ते मला वेगळं सांगायला नको.

आणि आपल्या दाराशी काय आहे? सयाजी हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन उभं राहावं. छोटा उदेपूरकडून पहिल्या बसने आलेल्या बायका, मांडीवर फिकट पोर. २०१३ पर्यंत तो भाग आपल्याच जिल्ह्यात होता. पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार मोठा आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलतं, तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं फोडून काढावीत असं दुखतं. आयपीएस पेशी निघाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, अमेरिकेत रूडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेने सिकलसेल झालेल्या उंदरांच्या शेपटीच्या पेशी घेतल्या, आयपीएस केल्या, ते अक्षर दुरुस्त केलं, रक्त बनवणाऱ्या पेशी तयार करून उंदरांना परत दिल्या आणि ते सुधारले. सोळा वर्षांनी माणसासाठी जनुक-संपादनाचा उपचार मंजूर झाला. त्यात रुग्णाच्या रक्तातल्या मूलपेशीच वापरतात, आयपीएस नव्हे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. छोटा उदेपूरच्या बाईला हा आकडा कुठल्या भाषेत सांगणार?

याच आजारात आपल्या लोकांचं एक वेगळेपण आहे. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या जनुकीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या मानाने इथल्या अनेकांचा आजार सौम्य राहतो. सगळ्यांचा नाही. एकाच पाड्यावर, एकाच जनुकाची दोन मुलं, एक शाळेत जातं आणि दुसरं दर दोन महिन्यांनी खाटेवर पडतं. या फरकाचं कारण हातात आलं तर स्वस्त गोळीची वाट सापडू शकते. ते कारण बॉस्टनच्या पेशींत सापडायचं नाही. ते त्या पाड्यावरच्या दोन मुलांच्या पेशींत आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे, ते योग्यच आहे. पण नुसती तपासणी करून कार्ड हातात देणं म्हणजे तुला काय झालं आहे ते सांगून निघून जाणं. त्यातल्या थोड्या लोकांच्या पेशी, त्यांच्या खुशीने, नीट जपून ठेवायला हव्यात.

म्हणून माझं म्हणणं आहे की बडोद्यात एक सार्वजनिक पेशी-संग्रह व्हावा. विद्यापीठ आणि सरकारी रुग्णालय यांनी मिळून चालवलेला. सिकलसेल, थॅलेसेमिया, ड्युशेन यांच्यासारख्या आजारांच्या आणि निरोगी माणसांच्याही आयपीएस पेशी त्यात असाव्यात. देशातल्या कुठल्याही संशोधकाला त्या नाममात्र खर्चात मिळाव्यात आणि औषध कंपन्यांनी पूर्ण दाम मोजावेत. जगातल्या अशा संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा आहे. जपानने वेगळं केलं. ज्यांच्या पेशी पुष्कळांना जुळू शकतात असे मोजके दाते शोधून त्यांनी साठा केला, आणि तो जवळपास ४० टक्के जपान्यांना जुळेल असा त्यांचा हिशोब आहे. आपल्याकडे थोड्या दात्यांत भागायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्नं करून आपण एकाच देशात अनेक लहान लहान बेटं केली आहेत. एकच मोठा संग्रह दिल्लीला असून उपयोग नाही. जिथे माणसं आहेत, तिथे तो हवा.

बडोदं का? ताप आला की घ्यायची जी पहिली औषधाची बाटली असे, ती इथल्याच कारखान्यातली असे, असं आमच्या लहानपणचं हे गाव आहे. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन काढलं. तिथले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, त्यांच्यासोबत कोटीभास्कर आणि अमीन, यांनी १९०७ मध्ये अलेंबिक उभी केली. एक गुजराती प्राध्यापक, एक मराठी प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी, सरकारी शाळेतून निघून देशी औषधांचा कारखाना. विद्यापीठ १९४९ चं, आणि त्यातला जीवरसायनशास्त्राचा विभाग देशातल्या जुन्या विभागांपैकी. शिवाय २०२३ मध्ये औषध-चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन, प्राण्यांऐवजी माणसाच्या पेशींवर, ताटलीत वाढवलेल्या इवल्या अवयवांवर केलेल्या चाचण्यांनाही वाट मोकळी झाली आहे. म्हणजे आसपासच्या औषध कंपन्यांना या पेशी लागणारच. त्या परदेशातून विकत आणाव्यात, की इथल्या संग्रहातून घ्याव्यात आणि तो पैसा सिकलसेलच्या वॉर्डात यावा?

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला सुनावलं, "रुग्णालयात एका खाटेवर दोन पेशंट असतात आणि तुम्ही पेशी-संग्रह मागता!" या बोलण्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. खाटांचा पैसा काढून संग्रह करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण गरीब माणसाला आजची खाट आणि श्रीमंत देशाला उद्याचं ज्ञान, ही वाटणी मला मान्य नाही. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण करणाऱ्या आणि १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून खेड्याखेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवणाऱ्या राज्याच्या राजधानीत तरी ती मान्य होऊ नये. त्या पेट्या गेल्या तेव्हा त्या खेड्यांना विहिरींचीही गरज होतीच.

यातला माझ्या मते सर्वांत अवघड भाग पैशाचा नाही, संमतीचा आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या. त्या आजही जगभर वाढत आहेत. त्यांच्यावर औषधं निघाली, कंपन्या उभ्या राहिल्या, आणि घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. आयपीएसच्या बाबतीत प्रश्न त्याहून खोल आहे. रक्त देणाऱ्याला वाटतं, रक्त दिलं. प्रत्यक्षात त्याने जे दिलं त्याचं उद्या हृदय होईल, मेंदूचा तुकडा होईल. उंदरांमध्ये तर कात्सुहिको हायाशी यांनी आयपीएस पेशींपासून स्त्रीबीज बनवून त्यातून पिल्लंही जन्माला घातली आहेत. म्हणून संमतीपत्रकात हे वेगळं विचारलंच पाहिजे: तुमच्या पेशीपासून बीजपेशी बनवलेल्या चालतील का? मेंदूच्या पेशी? कंपनीला दिलेल्या? प्रत्येकाला वेगळं हो किंवा नाही. आणि नफा झाला तर त्या गावाचा वाटा किती, तेही आधीच लिहिलेलं हवं. केरळातल्या कणी आदिवासींनी सांगितलेल्या वनस्पतीपासून 'जीवनी' हे औषध निघालं, तेव्हा मिळालेल्या रकमेतला अर्धा वाटा त्यांना ठेवला गेला होता. वनस्पतीच्या माहितीचं मोल होतं, मग माणसाच्या स्वतःच्या पेशीचं का नाही?

आणि हे सगळं त्याच्या भाषेत. छोटा उदेपूरच्या बाईला राठवीत, सुरसागरकाठच्या माणसाला मराठीत किंवा गुजरातीत. शब्द नाहीत ही सबब बडोद्यात चालत नाही. १९३१ मध्ये याच राज्याने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' छापला होता. राज्यकारभाराचे शब्द एकाच पानावर आठ भाषांत, लोकांना आपल्यावर चालणारा कायदा कळावा म्हणून. ज्याला शासनाचे शब्द देता आले त्याला पेशीचे शब्दही देता येतील. फक्त ते आपलं काम आहे असं कुणाला तरी वाटलं पाहिजे.

मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. खुर्ची आली आहे, दहावीचा अभ्यास चालू आहे, बुद्धिबळात मला हरवतो. मागच्या वर्षी एका संशोधन संस्थेकडून निरोप आला: ड्युशेनच्या मुलांचं थोडं रक्त हवं आहे, आयपीएस पेशींसाठी, पैसे घेणार नाही, उपचाराचं कसलंही आश्वासन नाही. मला बरं वाटलं. संमतीपत्रक अकरा पानांचं होतं, सगळं इंग्रजीत. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचून सांगा म्हणजे झालं." मी म्हटलं, वाचून नको, लिहूनच देते. दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी ते मराठीत आणलं. तो शेजारी होता.

सातव्या पानावर 'इमॉर्टल सेल लाइन' असे शब्द होते. मी 'अमर पेशींचा वंश' असं लिहिलं, मग 'अमर' खोडलं आणि वर 'कायम वाढत राहणाऱ्या' असं लिहिलं. त्याने खोडलेलं वाचलं.

"म्हणजे मी नसेन तेव्हाही त्या असतील?"

आत त्याची आई होती, दार उघडंच होतं. मी हो म्हटलं.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग पेन मागितलं. मनगटात आता जोर राहिलेला नाही, त्यामुळे बापाने कागद घट्ट धरून ठेवला. सही करायच्या आधी त्याने एक ओळ लिहिली: 'माझ्या पेशींवरून जे कळेल ते मला मराठीत कळवावं.' जरा थांबून पुढे जोडलं, 'जमत नसेल तर गुजरातीत.' पत्रकात अशा मजकुरासाठी रकाना नव्हता. त्याने तो समासात लिहिला.